नाव काढायचंय? मग स्टेडियम गाठा

न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये पंचवीस वर्षं राबून तुम्ही कंपनी उभी केलीत, ती विकलीत, पैसे खात्यात पडले. तळ्याकाठी दुसरं घर झालं, मुलं मार्गी लागली, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला देणगीही देऊन झाली. पण तिथे नाव लागलेल्या बॅनरचं आयुष्य अधिवेशनापुरतं. आता आपलं नाव मागे उरावं असं तुम्हाला वाटू लागलंय. वाटणारच, वय झालं.

ग्रंथालयाला पैसे द्यायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा. ग्रंथालयातली मुलं मान खाली घालून बसतात, भिंतीवर कुणाचं नाव आहे ते बघत नाहीत. मान वर केलेली लाखभर माणसं एका जागी हवी असतील तर शनिवारी दुपारी मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमवर जावं, तिथे एक लाख सात हजारांवर बसतात. (फुटबॉल म्हणजे तो लांबुळका चेंडू हातात धरून पळतात तो. त्यात पायाचा संबंध काय, हे विचारू नका. देणगीदाराला असले प्रश्न शोभत नाहीत.)

पैसे घेऊन स्टेडियमला तुमचं नाव लावायला विद्यापीठात कुणाला भेटायचं याची काळजी नको. तुमच्याकडे पैसे आल्याची खबर तुमच्या मेव्हण्याच्याही आधी तिथल्या डेव्हलपमेंट ऑफिसला, म्हणजे देणग्या गोळा करणाऱ्या खात्याला, लागलेली असते. तिथून एक फार गोड बोलणारा माणूस येईल, जेवायला नेईल, आईच्या गुडघ्यांची चौकशी करेल. ‘विक्री’ हा शब्द तो उच्चारणार नाही. तुम्हीही उच्चारू नका. कॉफीबरोबर एक गुळगुळीत पुस्तिका टेबलावर येईल. तिच्यात स्टेडियमचे वाटे घातलेले असतात: अख्खं स्टेडियम वेगळं, आतलं मैदान वेगळं, गेट वेगळं, खेळाडू पळत बाहेर येतात तो बोगदा वेगळा. मग प्रेस बॉक्स, वजनं उचलायची खोली, लॉकर रूम आणि हात आखडता असेल तर लॉकर रूममधला एकेक लॉकर. ॲक्रन विद्यापीठाने स्टेडियम दिलं इन्फोसिजन या टेलिमार्केटिंग कंपनीला आणि मैदान दिलं सुम्मा या इस्पितळवाल्यांना. एकाने जेवणाच्या वेळी फोन करून रक्तदाब वाढवायचा, दुसऱ्याने तो उतरवायचा.

वाटा निवडण्याआधी आपलं आडनाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. ढेकणे असाल तर गादीच्या खुर्च्यांचा विभाग घेऊ नये. या बाबतीत गुरू करावा तो अलाबामा विद्यापीठाचे माजी विद्यार्थी जेम्स फेल यांना. विमा आणि बँकिंगमधले बडे गृहस्थ. १९८८ मध्ये टेक्सासमधल्या बुडालेल्या बचतसंस्था त्यांनी एकगठ्ठा घेतल्या होत्या आणि त्या व्यवहाराची पुढे अमेरिकन सिनेटमध्ये झाडाझडतीही झाली. अशा माणसाची देणगी आली, पण नाव लावायचं कुठे? जिमला लावलं तर ‘फेल जिम’, अभ्यासिकेला लावलं तर विचारायलाच नको. २००८ मध्ये जागा सापडली: पाहुण्या संघाची लॉकर रूम. ‘द फेल रूम’. आधीच धास्तावलेली वीस-एकवीस वर्षांची परगावची पोरं बूट चढवायला आत शिरणार ती या नावाखालून. एवढ्या सगळ्या व्यवहारांत पै न पै वसूल झालेली ही एकच देणगी माझ्या पाहण्यात आहे.

तुमच्या धंद्याचा आणि जागेचा मेळ बसायला हवा, असंही काही नाही. सिराक्यूज विद्यापीठाचं बंदिस्त स्टेडियम १९८० मध्ये उघडलं. कॅरियर कंपनीने साडेसत्तावीस लाख डॉलर दिले आणि त्याचा झाला कॅरियर डोम. कॅरियर म्हणजे एसीवाले. साध्यासुध्या नव्हे, ज्याला एसीचा जनक म्हणतात त्या विलिस कॅरियरच्या नावाची कंपनी. आणि डोममध्ये एसी नव्हता. सप्टेंबरच्या उकाड्यात हजारो माणसं एसीवाल्याच्या नावाखाली घामाने निथळत बसायची. एक-दोन हंगाम नव्हे, चार दशकं. नव्या छपराचं काम निघालं तेव्हा कुठे गारव्याची सोय झाली, आणि लगोलग २०२२ मध्ये कॅरियरचं नाव उतरवून जेएमए वायरलेसचं चढवलं. कंपनी बिचारी नाव कायमचं आहे असं धरून चालली होती.

हे ‘कायमचं’ प्रकरण नीट समजून घ्या, कारण त्या पुस्तिकेत हा शब्द पानोपानी भेटेल. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९२६ मध्ये आपल्या नव्या स्टेडियमला विल्यम डायच यांचं नाव दिलं. डायच माजी विद्यार्थी, गावचे माजी महापौर, विद्यापीठाचा कारभार सांभाळणारे. नाव कधीही बदलणार नाही, असा विश्वस्तांनी रीतसर ठराव केला. १९९७ मध्ये ते बदललं आणि रायन फील्ड झालं. आधीच्या विश्वस्तांचा ठराव पुढच्यांवर बंधनकारक नसतो, हा शोध तेव्हा लागला. हे रायन कोण? विम्याच्या धंद्यातले बडे देणगीदार पॅट्रिक रायन, तेव्हा याच विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. तेव्हा ठरावाच्या कागदावर वेळ घालवू नका, थेट अध्यक्षपदाकडे लक्ष द्या.

करारात वर्तणुकीचं एक कलम असतं, ते बायकोला वाचायला द्या. लुइव्हिल विद्यापीठाचं स्टेडियम १९९८ पासून पापा जॉन्स या पिझ्झावाल्यांच्या नावाचं होतं. संस्थापक जॉन श्नॅटर यांनी एका कॉन्फरन्स कॉलवर कृष्णवर्णीयांबद्दलची शिवी उच्चारली, हे २०१८ च्या जुलैत छापून आलं आणि आठवडा उलटायच्या आत पिझ्झा पाटीवरून उतरला. तो कॉल कशासाठी होता म्हणाल, तर जाहीरपणे बोलताना तोंडून भलतंसलतं जाऊ नये याच्या सरावासाठी.

धंदा मात्र कुठलाही चालतो. निदान चालेल असं वाटतं. २०१३ मध्ये फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने बारा वर्षांत ६० लाख डॉलरच्या बोलीवर स्टेडियमला जिओ ग्रुपचं नाव द्यायचं जाहीर केलं. जिओ म्हणजे आपला फोनवाला नव्हे. हे खासगी तुरुंग चालवतात. कंपनीचे प्रमुख याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, त्यामुळे सगळं घरचंच कार्य. पण विद्यापीठाच्या संघाचं चिन्ह आहे घुबड, म्हणजे आउल. पोरांनी घुबड आणि अल्काट्राझचा तुरुंग एकत्र करून स्टेडियमचं ‘आउलकॅट्राझ’ असं बारसं उरकलं, अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिला, आणि एक सामनाही व्हायच्या आत कंपनीने देणगी मागे घेतली. लॉस एंजेलिसमध्ये तर ६ कोटी ९० लाख डॉलर मोजून युनायटेड एअरलाइन्सने आपलं नाव चढवायचं ठरवलं ते पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मारकावर. माजी सैनिक खवळले. मग तडजोड झाली: स्मारक शहिदांचं, आतलं मैदान विमानवाल्यांचं.

कराचं काम सीएवर सोडा. तिकिटं घ्यायच्या हक्कासाठी दिलेल्या ‘देणगी’वर पूर्वी ८० टक्के वजावट मिळायची, २०१७ च्या कायद्याने ती गेली. पाटीवर नाव लागणं मात्र मोबदल्यात धरत नाहीत. ते अजूनही निव्वळ दान.

दान द्यावं तर ओक्लाहोमाच्या टी. बून पिकन्स या तेलसम्राटासारखं. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचं स्टेडियम त्यांच्याच नावाचं. २००५ च्या अखेरीस त्यांनी तिथल्या क्रीडाविभागाला १६ कोटी ५० लाख डॉलर दिले. ते पैसे विद्यापीठाच्या खात्यात तासभरही टिकले नाहीत. गुंतवणुकीसाठी रवाना झाले ते पिकन्स यांच्याच फंडात. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, इथे त्या हाताला जरा जास्तच लवकर कळलं. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून आणखी एक योजना निघाली: वयस्कर, सधन अशा पंचवीसहून अधिक समर्थकांचे प्रत्येकी एक कोटी डॉलरचे आयुर्विमे उतरवायचे, वारस विद्यापीठ. पुढे काय करायचं? वाट बघायची. पण म्हाताऱ्यांच्या तब्येती खणखणीत निघाल्या. हप्त्यांपायी ३ कोटींवर डॉलर गेले, शेवटी योजना गुंडाळून विद्यापीठ कोर्टात गेलं आणि तिथेही हरलं. ते गोड बोलणारे गृहस्थ तुमच्या आईच्या पाठोपाठ तुमच्याही तब्येतीची चौकशी करू लागले, की जरा खोकून दाखवा.

खरेदीला सध्याचा हंगाम उत्तम आहे. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शंभरेक वर्षं डोकी फुटेस्तोवर फुकट खेळलेल्या पोरांना काही द्यायची वेळ येताच विद्यापीठांना अचानक गरिबी आठवली, आणि जुन्या पवित्र मैदानांना भराभर गिऱ्हाईक मिळू लागलं. पेन स्टेटचं मैदान त्याच वर्षी खिडक्या आणि न्हाणीघरं बदलून देणाऱ्या एका कंपनीच्या नावावर गेलं: पंधरा वर्षं, ५ कोटी डॉलर.

एवढं करून लोक ते नाव घेतील का? फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत यूसीएफचं, म्हणजे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचं, लोखंडी स्टेडियम आहे. पोरं उड्या मारायला लागली की सगळा सांगाडा हलतो, म्हणून २००७ पासून लोक त्याला ‘बाउन्स हाउस’ म्हणतात. अधिकृत नाव आधी केबलवाल्याचं, मग दुसऱ्या केबलवाल्याचं, मग गृहकर्जवाल्याचं. २०२५ मध्ये ॲक्रिशर कंपनीने शहाणपणा केला. तिने नाव घेतलं ‘ॲक्रिशर बाउन्स हाउस’.

तुम्ही संकोची असाल तर तीही सोय आहे. कोलोरॅडो स्टेटला एका निनावी माणसाने २ कोटी डॉलर दिले आणि मैदानाला निवृत्त प्रशिक्षक सनी लुबिक यांचं नाव लावायला सांगितलं. हा माणूस या धंद्याला कलंक आहे, त्याचं अनुकरण करू नका. त्यापेक्षा टेनेसीचा मार्ग बरा. तिथलं नेलँड स्टेडियम जनरल रॉबर्ट नेलँड या जुन्या प्रशिक्षकाच्या नावाचं, ते बदललं तर गावात दंगल व्हायची. २०२४ मध्ये पायलट या पेट्रोलपंपवाल्या कंपनीने विद्यापीठाशी वीस वर्षांचा करार केला तो नेलँड हे नाव तसंच ठेवण्यासाठी. म्हणजे आता नाव न बदलण्यालाही गिऱ्हाईक आहे. तेव्हा पुस्तिका समोर आली की लावायचा दर किती आणि न लावायचा किती, हे दोन्ही आकडे लेखी मागून घ्या.