टॉकिंग हेड्स खरोखरच थंड आहेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या रॉक बँडच्या अल्बमांवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले मुख्य आक्षेप तीन आहेत. पहिला असा की कलाशाळेतून आलेल्या या हुशार मंडळींच्या गाण्यांत बुद्धी आहे, पण जिव्हाळा नाही. दुसरा असा की ज्या 'रिमेन इन लाइट'ला मी त्यांचे सर्वोत्तम काम म्हटले, तो अल्बम खरे तर निर्माते ब्रायन इनो यांचा आहे आणि त्यातला ताल नायजेरियाचे संगीतकार फेला कुटी यांच्याकडून उचललेला आहे. तिसरा असा की आजचे कौतुक म्हणजे २०२३ साली पुन्हा प्रदर्शित झालेल्या 'स्टॉप मेकिंग सेन्स' या त्यांच्या मैफिलीच्या चित्रपटाची हवा आणि उतारवयातील श्रोत्यांचे स्मरणरंजन, याहून अधिक काही नाही. यांतील दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला मी जास्त जागा देणार आहे. पण सुरुवात पहिल्यापासूनच करायला हवी, कारण माझ्या मते तिन्ही आक्षेपांचे मूळ एकच आहे. आपण हा बँड त्याचे गायक डेव्हिड बर्न यांच्या आवाजापासून ऐकायला सुरुवात करता आणि तिथेच थांबता.

तो आवाज ताठ, घाबरलेला आणि अवघडलेला आहे, हे कोण नाकारील? पण त्या आवाजाखाली काय चालले आहे, तेही ऐकायला हवे. बर्न, ड्रमवादक ख्रिस फ्रान्झ आणि टीना वेमाउथ हे तिघे प्रॉव्हिडन्स येथील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये भेटले. न्यूयॉर्कला आल्यावर बासगिटार वाजवायला कोणी मिळेना, तेव्हा फ्रान्झ यांच्या आग्रहाने वेमाउथ यांनी ते वाद्य हाती घेतले. १९७५ साली तिथल्या सीबीजीबी या क्लबात रमोन्स या पंक बँडच्या आधी त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, तेव्हा बँडमध्ये हे तिघेच होते. गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे जेरी हॅरिसन १९७७ साली आले. 'सायको किलर' हे त्यांचे पहिले गाजलेले गाणे बासगिटारीवर उभे आहे. गाणारा माणूस ढासळत चाललेला असताना ती बासगिटार एका लयीत, जराही विचलित न होता पावले टाकत राहते. वरचा माणूस भेदरलेला आणि खालची जमीन भक्कम, हा ताण टॉकिंग हेड्सच्या प्रत्येक चांगल्या गाण्यात आहे, आणि मला जी ऊब जाणवते ती याच ताणातून येते. केवळ बुद्धीने लिहिलेल्या संगीतावर पाय थिरकत नाहीत; यांच्या संगीतावर ते थिरकतात.

'दिस मस्ट बी द प्लेस' हे १९८३ च्या 'स्पीकिंग इन टंग्ज'मधील गाणे आपण आपल्या प्रतिक्रियेत गाळले आहे. हे गाणे रचताना सदस्यांनी आपली नेहमीची वाद्ये बाजूला ठेवून एकमेकांची घेतली: वेमाउथ गिटार वाजवत होत्या, तर बासचा भाग हॅरिसन यांनी सिंथेसायझरवर सांभाळला. त्यामुळे त्यात कसब दाखवण्याला वावच उरला नाही. एक लहानशी, जवळजवळ बाळबोध म्हणावी अशी धून शेवटपर्यंत फिरत राहते आणि तिच्यावर बर्न घराविषयी, सोबतीविषयी, आपले माणूस सापडल्याविषयी गातात. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे गाणे ६२ व्या क्रमांकाच्या वर गेले नाही. आज मात्र लग्नसमारंभांत वाजवण्यासाठी लोक ते आवर्जून निवडतात. ज्या बँडकडे जिव्हाळा नाही, त्याच्या गाण्याच्या वाट्याला असे प्रेम येत नाही.

आता 'रिमेन इन लाइट'. इनो यांचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. १९७८ ते १९८० या काळातील तिन्ही अल्बम त्यांच्या साथीने झाले, आणि फेला कुटी यांची 'ॲफ्रोडिझिॲक' ही १९७३ ची रेकॉर्ड बर्न यांना त्यांनीच ऐकवली. पण बहामातील नासाऊ येथील कंपास पॉइंट स्टुडिओत १९८० साली प्रत्यक्ष काय घडले, ते पाहा. आधी गाणी लिहून मग ती वाजवायची, ही रीत चौघांनी सोडली. ते एकत्र बसून एकेक छोटा तुकडा आळवत राहिले, ध्वनिमुद्रित करत राहिले, आणि त्या तुकड्यांचे थर एकमेकांवर चढवले गेले. शब्द आणि चाल सर्वांत शेवटी आली. म्हणजे अल्बमचा पाया चौघांच्या वाजवण्यातच आहे. पहिल्या आवृत्तीवर श्रेयाचे पारडे बर्न आणि इनो यांच्याकडे झुकले होते, उरलेल्या तिघांनी त्याला हरकत घेतली, आणि पुढील आवृत्त्यांवर पाचही नावे आली. आपल्या आक्षेपाचे उत्तर त्या तिघांनी तेव्हाच देऊन ठेवले आहे.

'वन्स इन अ लाइफटाइम' या गाण्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेमाउथ आणि फ्रान्झ ज्या ठिकाणी सम धरून वाजवत होते, ती इनो यांच्या कानाला वेगळ्याच ठिकाणी ऐकू आली. मात्रांच्या चक्रातील तिसरी मात्रा त्यांना पहिली वाटली. त्यांनी त्या समजुतीनेच पुढचे थर चढवले, आणि अंतिम ध्वनिमुद्रणात दोन्ही समा तशाच राहिल्या. म्हणून ते गाणे ऐकताना पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते आणि तरीही ठेका सुटत नाही. हे एकट्या इनो यांच्या हातून झाले नसते, आणि इनो नसते तरीही झाले नसते. आपल्यासारख्या तालाचा कान असलेल्या श्रोत्याने ते गाणे एकदा वेमाउथ यांची सम धरून आणि एकदा इनो यांची सम धरून ऐकावे. दोन निरनिराळी गाणी हाती लागतात.

इनो यांच्याविषयीच्या दाव्याला एक साधी कसोटीही आहे. ते बँडपासून दूर झाल्यावर काय झाले? 'स्पीकिंग इन टंग्ज'ची निर्मिती बँडने स्वतः केली आणि त्यातील 'बर्निंग डाउन द हाउस' अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तितके यश त्यांच्या दुसऱ्या कोणत्याही गाण्याला तिथे मिळाले नाही. त्याआधी, १९८१ साली, वेमाउथ आणि फ्रान्झ यांनी टॉम टॉम क्लब या नावाने वेगळा अल्बम काढला. त्यातील 'जीनियस ऑफ लव्ह'चा ठेका हिपहॉपवाल्यांनी पुन्हापुन्हा वापरला आणि १९९५ साली मरायाह कॅरी यांचे 'फँटसी' त्याच ठेक्यावर पहिल्या क्रमांकावर गेले. इनो नाहीत, बर्नही नाहीत, आणि तरीही तो ठेका जगभर वाजला.

राहिली उचलेगिरीची गोष्ट. हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो आपण विचारलात हे चांगले केलेत. अमेरिकेच्या गोऱ्या रॉकने कृष्णवर्णीय संगीतावर किती आयुष्य काढले आणि त्याचे श्रेय देताना किती हात आखडला, हा इतिहास विसरण्याजोगा नाही. पण उचलणे आणि शिकणे यांत फरक आहे. 'रिमेन इन लाइट'सोबत पत्रकारांना जो मजकूर पाठवला गेला, त्यात आफ्रिकी ताल आणि कला यांवरील पुस्तकांची यादी होती. आपण कुठून शिकलो हे या बँडने उघडपणे सांगितले. फेला यांची गाणी दहा-दहा, वीस-वीस मिनिटे चालतात, त्यांत वाद्यांचा ताफा असतो आणि लष्करी राजवटीला थेट आव्हान असते. १९७७ साली लागोसमधील त्यांच्या वसाहतीवर सैनिकांनी हल्ला केला, तो या आव्हानापायीच. टॉकिंग हेड्सनी तो आवेश उसना घेतला नाही. त्यांनी घेतली ती रचनेची दृष्टी: एकही वाद्य पूर्ण चाल वाजवत नाही, प्रत्येकाकडे एकेक लहान तुकडा असतो, आणि गाणे घडते ते त्या तुकड्यांच्या गुंफणीतून. त्यावर त्यांनी बसवला तो त्यांचाच न्यूयॉर्कचा माणूस, ज्याच्या हाती स्वतःच्या आयुष्याची सूत्रे उरलेली नाहीत. त्याच अल्बममधील 'लिसनिंग विंड' आपल्या देशात घुसलेल्या अमेरिकनांना हुसकावू पाहणाऱ्या एका माणसाच्या नजरेतून लिहिलेले आहे, आणि गाणाऱ्याची सहानुभूती पूर्णपणे त्या माणसाकडे आहे. १९८० साली एका अमेरिकी बँडने हे गावे, ही लहान गोष्ट नव्हे.

याबाबतीत माझ्या शब्दापेक्षा गायिका अँजेलिक किजो यांच्या कृतीला अधिक मोल द्यावे. बेनिन सोडून पॅरिसला आल्यावर त्यांनी 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकले आणि त्यात त्यांना आपल्या मातीची ओळख पटली. २०१८ साली त्यांनी अख्खा 'रिमेन इन लाइट' नव्याने गायला, त्यात आपल्या भाषांतील ओळी घातल्या, आणि त्या अल्बमवर ड्रम्स वाजवायला टोनी ॲलन होते, म्हणजे फेला कुटी यांचेच ड्रमवादक. ज्यांच्याकडून ताल चोरला असे आपण म्हणता, त्यांच्या सर्वांत जवळच्या वादकाने त्या गाण्यांना हात लावावासा वाटावा, याचा अर्थ आपणच लावा.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल थोडक्यात लिहितो. 'स्टॉप मेकिंग सेन्स' हा जोनाथन डेमी यांचा चित्रपट डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात चित्रित झाला. सुरुवातीला रिकाम्या रंगमंचावर बर्न एकटे येतात, कॅसेट प्लेअर खाली ठेवतात आणि गिटार घेऊन गातात. दुसऱ्या गाण्याला वेमाउथ येतात, तिसऱ्याला फ्रान्झ, चौथ्याला हॅरिसन. मग पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक संगीताच्या ताफ्यातले कीबोर्डवादक बर्नी वॉरेल आणि इतर मंडळी येतात, आणि कामगार वाद्यांचे चौथरे ढकलत आणताना आपल्याला दिसतात. बँड कसा उभा राहतो, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही. २०२३ साली तो पुन्हा पडद्यावर आला तेव्हा चित्रपटगृहांत उठून नाचणाऱ्यांत १९८४ नंतर जन्मलेले पुष्कळ होते. ज्यांच्याकडे या बँडची आठवणच नाही, त्यांच्या आनंदाला स्मरणरंजन कसे म्हणता येईल?

शेवटच्या अल्बमांविषयी मी कठोर लिहिले, ही आपली तक्रार मात्र मी तशीच राहू देतो. 'लिटल क्रीचर्स' गोड आहे, 'ट्रू स्टोरीज' मला आजही विस्कळीत वाटतो, आणि पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या १९८८ च्या 'नेकेड'ची पहिली बाजू फार सुरेख असली तरी तोवर हे चौघे एकमेकांपासून दूर गेलेले आहेत, हे कानाला कळते.

आपल्याला एकच विनंती आहे. 'रिमेन इन लाइट'ची पहिली बाजू, म्हणजे फक्त तीन गाणी, बर्न यांच्या शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करून केवळ बासगिटार आणि ड्रम्स यांवर कान ठेवून ऐकावीत, आणि लगोलग टॉम टॉम क्लबचा पहिला अल्बम लावावा. त्यानंतरही हे संगीत थंडच वाटले, तर तसे जरूर लिहा; ते मी तितक्याच आस्थेने वाचीन.