समाजसेवेची शिक्षा द्या, पण तास लिहून द्या

सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दवाखान्याच्या आवारात एक पोरगं झाडू मारतंय, कोर्टाची शिक्षा म्हणून. शूटिंग करणारा ओरडतोय, "ए चोरट्या, तोंड वर कर की!" खाली हसण्याच्या इमोजी, त्याही आपल्याच शिकल्यासवरल्या माणसांच्या. डोकंच फिरलं माझं.

शहराच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, मला अक्का म्हणतो. आई विड्या वळते, हा टॉवेलच्या कारखान्यात. तिथलेच टॉवेल उचलले, पकडला गेला, माल परत दिला. पहिलीच चोरी, तीही पाच हजारांच्या आतली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा चोरीला समाजसेवेची शिक्षा आहे, तीच झाली. जेलपेक्षा बरं, मान्य.

पण त्याला पाठवलं त्या कार्यालयात काय चाललंय? आधी अंगण झाडायचं. मग साहेबाची गाडी धुवायची. आता साहेबाच्या घरची भाजीही हाच आणतो. नाही म्हटलं की, "सही पाहिजे ना तुला?" कधी सुटणार ते कुणी सांगत नाही. कामाची पाळी बुडाली की मजुरी बुडते, आणि आईच्या विड्यांवर घर चालत नाही हो!

न्याय संहितेत किती तास, किती दिवस, याचा एक आकडा नाही. खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये एवढंच की समाजाच्या उपयोगाचं काम, मोबदला नाही. साहेबाची भाजी कुठल्या समाजाच्या उपयोगाची?

प्रोबेशनचंही, म्हणजे जेलमध्ये न पाठवता सोडतात त्याचंही, तेच. १९५८ च्या कायद्यात चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडतात, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. देखरेखीचा आदेश असेल तर कोर्ट अटी घालू शकतं: राहायचं कुठे, नशा करायची नाही, आणि पुन्हा गुन्हा होऊ नये म्हणून योग्य वाटेल ते. त्या "योग्य वाटेल ते" मध्ये उद्या सेवा बसवली, तर गाडी धुऊन चोरी कशी थांबते ते मला समजावून सांगा.

पुण्यात २०२४ मध्ये गाडीखाली दोन जीव गेले, तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध सांगितला होता. जामिनाची अट होती ती, शिक्षा नव्हे, माहीत आहे मला. पण तिथे शब्दसुद्धा मोजून दिले. आमच्या पोराचे तास कुणी मोजायचे?

न्यायाधीशांवर राग नाही माझा. समोर फायलींचा ढीग असतो, आदेशानंतर त्या कार्यालयात काय चालतं ते त्यांना दिसत नाही. म्हणूनच आदेशात सगळं हवं: एकूण तास, जागा, काम, सही कोण करणार. पाळी सांभाळून वेळ. आणि फोटो-व्हिडिओ बंद. तमाशा करा असं कोर्टाने सांगितलेलं नाही. ज्यांनी तो व्हिडिओ पुढे ढकललाय त्यांनी आत्ता डिलीट करा.

काल म्हणाला, "अक्का, चोरी केली ती केली, पण ह्यांच्या घरी नको." रडत नव्हता, मान खाली घालून पायातली चप्पल काढघाल करत होता.

लिस्टमधल्या वकील मंडळींनो, तास आणि काम ठरवून मागायला कोर्टात अर्ज करायचाय. फी मी देते. कोण येतंय ते इनबॉक्समध्ये सांगा.