धामण नागाची मादी नव्हे आणि दूधचोरही नव्हे

वाळवा तालुक्यातील माझ्या मामांनी गेल्या पंधरवड्यात गोठ्यात निघालेली सुमारे सात फुटी धामण कुदळीने मारली. कारण विचारले तेव्हा त्यांनी भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारा एक संदेश मला पाठवला. धामण ही नागाची मादी असते, ती जनावराच्या मागच्या पायांना विळखा घालून सडातून दूध पिते आणि तिच्या शेपटीचा फटका बसला की तो भाग सडतो, अशी तीन विधाने त्यात आहेत; खाली ‘दिसताक्षणी ठेचा’ असा आदेशही आहे. चाळीस वर्षे दुभती जनावरे सांभाळलेल्या माणसाने हे मानावे, याचा मला अधिक राग आला.

धामणीचा जीव गेला तो दुधाच्या आरोपापायी, म्हणून आधी तोच पाहू. चोखण्यासाठी मांसल ओठ आणि गाल लागतात. सापाला दोन्ही नसतात. त्याचे दात बारीक, टोकदार आणि घशाकडे वळलेले असतात, कारण धरलेले भक्ष्य निसटू न देणे एवढेच त्यांचे काम. धार काढणाऱ्याचा हात बदलला तरी जी म्हैस पान्हा चोरते, ती सडात असे दात रुतत असताना पाय बांधून घेऊन मुकाट उभी राहील, ही कल्पना गोठ्यात वावरणाऱ्याला पटतेच कशी? बत्तीस शिराळा शेजारीच असल्याने आमच्याकडे नागपंचमीच्या वाटीतल्या दुधाचा दाखला हमखास दिला जातो. पण गारुड्याने तहानेने व्याकूळ ठेवलेला साप समोर येईल त्या द्रवाला तोंड लावतो, त्यावरून दूध हा त्याचा आहार ठरत नाही. दूध घटले तर रेडकू सुटून पिते का, कासेला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली आहे का, हे पाहावे. मारलेल्या धामणीचे पोट फुटले होते आणि त्यातून अर्धवट पचलेला उंदीर बाहेर आला होता. शेजारीच पेंडीचे पोते होते, त्याला उंदरांनी पाडलेल्या भोकावर मामांनीच गोणपाटाचे ठिगळ शिवलेले होते.

धामण गोठ्यात शिरते, एवढे मात्र खरे आहे, आणि धरायला गेल्यास ती कडकडून चावते व रक्तही निघते. विष मात्र तिला नाही.

‘नागाची मादी’ हे विधान तर अडीचशे वर्षांपूर्वीच निकालात निघाले आहे. सजीवांच्या शास्त्रीय वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये नाग आणि धामण यांना कोल्युबर या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, ठेवले होते, हे संदेशवाल्यांच्या बाजूने फार तर म्हणता येईल. परंतु तेव्हाही त्याने त्या दोन स्वतंत्र जाती म्हणूनच नोंदवल्या. आज त्यांची कुळेही वेगळी आहेत: नाग एलापिडी कुळात, तर टायस म्युकोसा या नावाची धामण कोल्युब्रिडी कुळात. धामणीच्या नाकपुडीच्या आणि डोळ्यापुढच्या खवल्यांमध्ये बहुधा दोन-तीन छोटे खवले असतात. नागाच्या कुळात त्या जागी एकही नसतो. नागाच्या मादीला स्वतःचा फणा असतो आणि धामणींत नर-मादी दोन्ही असतात. लोक ज्याला नाग-धामणीचे मीलन म्हणून लांबून हात जोडतात, तो एकमेकांना पीळ घालून उभा राहणारा जोड बहुतेक वेळा दोन नर धामणींच्या कुस्तीचा असतो.

शेपटीच्या विषावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. विषारी सापांच्याही विषग्रंथी शेपटीत नसतात.

‘ठेचा’ हा आदेश म्हणजे सरळ गुन्ह्याची चिथावणी आहे, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार धामण संरक्षित आहे. हे सारे मी भावकीच्या त्याच गटावर लिहिले. त्यावर मामांचे एवढेच उत्तर आले, की पेंडीच्या दुसऱ्या पोत्यालाही भोक पडले आहे, उंदरांसाठी चांगले औषध कोणते?