टी-शर्टातलं शरीरशास्त्र

एक्स-रेच्या खोलीत मी टी-शर्टात अडकलो. डावा हात बाहेर, डोकं आत, उजवा हात कुठे ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"हात वर करा ना," तंत्रज्ञ म्हणाला. अरे बाबा, वर होत असता तर इथे कशाला कडमडलो असतो?

त्याने दार उघडून हाक मारली, "कुणीतरी या जरा!" रांगेतले एक काका आले. दिसले नाहीत, ऐकू आले. माझा खांदा आखडलाय, फ्रोजन शोल्डर; त्यांचा आधीच असा गोठून सुटलेला, म्हणजे अधिकारी पुरुष.

"ओढू नका! आधी खांदा समजून घ्या."

"काका, आधी टी-शर्ट..."

"हाडं तीन. ही कॉलरबोन." बोट टेकलं. "आईच्या पोटात सगळ्यांच्या आधी हाड व्हायला लागते, पण पुरती जुळायला पंचविशी उजाडते. आमच्या धाकट्यासारखी. हा फरा, खांद्यामागचं पातं." थाप. "आणि हे दंडाचं हाड." कळ मस्तकात. "सांधे किती?"

"एक?" मी कापडातून.

"चार!"

"चार?" हा आवाज तंत्रज्ञाचा होता. मी आतल्या आत हादरलो.

"फरा बरगड्यांवरून नुसता सरकतो, तोही धरला तर. उखळीचा सांधा म्हणतात, पण उखळ कसली, बशी आहे! अख्खा हात धडाला हाडाने जोडलाय तो फक्त इथे." गळ्याखाली टोचलं. "हात पूर्ण वर जातो, तेव्हा 180 पैकी साधारण 60 अंश फऱ्याचे. तुमचा तेवढाच चालतोय, म्हणून खांदा कानाला लागतोय."

एरवी या खांद्यावर काय काय टाकतात! जबाबदारी, बंदूक, शेवटी तर माणूसच. खांदेपालट मात्र फक्त मंत्र्यांच्या नशिबी.

"दुखरा हात काढताना शेवटी, घालताना आधी," काकांनी अखेर सांगितलं आणि दोन झटक्यांत मला सोलून काढलं. हे वाक्य पहिलं नसतं का आलं?

एक्स-रे नॉर्मल. जाड होऊन आखडलंय ते सांध्याभोवतीचं वेष्टन, आणि ते त्यात दिसतच नाही. "दुसरं काही नाही ना, एवढंच बघायचं होतं," डॉक्टर म्हणाले. पटलं. सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे नाही पटलं.

त्या खोलीच्या दारावर सात सूचना आहेत. जाताना मोजल्या. बटणांचा शर्ट घालून या, ही त्यांत नाही.