सड्याची पाहणी पावसाळ्यात करा

मे महिन्यात कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, काळा पडलेला जांभा आणि वाळकं गवत, एवढंच दिसतं. सातबाऱ्यावर बऱ्याचदा पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन. मग बॉक्साइटची खाण असो की चिरेखाण, हरकत घेतली की उत्तर ठरलेलं: इथे उगवतंय काय?

पहिले दोन पाऊस पडू देत. कातळाच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. कोकण आणि लगतचा थोडा मुलूख सोडला तर ही वनस्पती जगात कुठेच नाही. श्रावणापर्यंत पाणथळ भागात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. माती जेमतेम बोटभर, त्यात नत्र नावालाच, म्हणून यातल्या शेवटच्या दोघी किडे पकडून पोट भरतात. काही झाडं तर उन्हाळ्यात पार वाळतात आणि पाणी मिळालं की परत हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटातून अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत.

आता राग येतो ती गोष्ट. खाणीच्या पर्यावरण अहवालासाठी केंद्राच्या ठरीव अटी एका हंगामाची माहिती मागतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून! धुळीच्या मोजमापाला हे ठीक आहे, पावसात धूळ बसते. पण वनस्पतींची नोंदही त्यातच. जे जून ते ऑक्टोबरच जगतं, ते मार्चमध्ये कुणाला सापडणार?

त्यावर आश्वासन काय, तर खाण संपली की खड्डा भरून झाडं लावू. लावाल हो, जगतीलही. पण दवबिंदूला उघडं ऊन, ओला कातळ आणि ती बोटभर मातीच लागते. भरावावरच्या दाट सावलीत तो येणार नाही. बॉक्साइट काढताना सड्याचं कवचच निघून जातं, ते बनायला लाखो वर्षं लागलेली असतात. पाणी याच जांभ्यातून मुरून खालच्या वाडीच्या झऱ्याला जातं, हे वेगळंच.

कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा झालं. तसल्याच जांभ्याची कोल्हापूरकडची पठारं बॉक्साइटसाठी खणली गेली.

जनसुनावणी असेल तर नोटिशीनंतर हरकतीला किमान ३० दिवस मिळतात. ग्रामसभेचा ठराव करा, लेखी हरकत द्या: पावसाळी पाहणीशिवाय अहवाल ग्राह्य धरू नये. आणि आपल्या सड्याचे फोटो तारीख-ठिकाणासह याच पावसात काढून ठेवा. नोटीस जानेवारीत आली तर दाखवायला तेवढेच असतील.