खुलासा : पुंगळी काढल्याने आरएक्स १०० ची ताकद वाढत नाही

‘सायलेन्सरची पुंगळी (आतली आवाज कमी करणारी नळी, बॅफल) काढली की यामाहा आरएक्स १०० ची ताकद ११ वरून १५ हॉर्सपॉवर होते’ असा मेसेज साताऱ्यात फिरतोय. हे चुकीचं आहे.

आरएक्स १०० चं इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि टू-स्ट्रोकचा सायलेन्सर फक्त आवाज दाबत नाही. त्याच्या फुगीर पोटाच्या मागच्या उतारावर दाबाची लाट आपटून परत येते आणि एक्झॉस्ट पोर्टमधून (सिलिंडरमधून धूर बाहेर जायच्या तोंडातून) निसटलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पुंगळी काढली की मागचा दाब घटतो, लाटेचा मेळ बिघडतो. मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पिस्टन तापतो. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या चढावर फुल थ्रॉटल धरलात तर तो जाम होण्याचा धोका आहे.

मग फरक जाणवतो कशामुळे? बहुतेक वेळा पुंगळी काजळीने तुंबलेली असते. ती काढली की गमावलेली ताकद थोडी परत मिळते, नवी येत नाही. म्हणून पुंगळी काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवा (हातमोजे, चष्मा हवाच), तारेच्या ब्रशने घासा, धुऊन परत बसवा. एक्झॉस्ट पोर्टची काजळी पिस्टन खाली नेऊन लाकडी काडीने खरवडा. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका.

शिवाय कंपनीचे ११ हॉर्सपॉवर क्रँकवरचे (म्हणजे थेट इंजिनच्या दांड्यावर मोजलेले), ७५०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या). चाकावर त्याहून कमीच मिळतात. सुमारे १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला हवा विरळ असल्याने आणखी दहाएक टक्के घट धरा. तिथे मिश्रण उलट जाड होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), प्लग काळा पडतो.