कातडी नाजूक की जाड, हा प्रश्नच चुकीचा आहे

इंदुरातील मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: साठीनंतर कातडी बधिर होते, बायकांची कातडी नाजूक असल्याने शय्याव्रण (अंथरुणात एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमा) मुख्यतः त्यांनाच होतात, पुरुषांना चार-चार तास एका कुशीवर ठेवले तरी चालते, दुखले की ते सांगतीलच, आणि लाली दिसली तर तेल लावून चोळावे. रामबागेत आणि लोकमान्य नगरात मी ज्या घरी ड्रेसिंगसाठी जाते, तिथल्या तिघांनी हा संदेश मला विश्वासाने दाखवला, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

वयाबरोबर संवेदना मंदावते हे खरे आहे, पण ती सगळीकडे सारखी मंदावत नाही. हलका स्पर्श टिपणारे माइस्नर कण वयानुसार विरळ होतात आणि कंपनांची जाणीव हातांपेक्षा पावलांत अधिक कमी होते. मात्र हे कण तळहात, तळपाय अशा केशहीन त्वचेतच मुख्यत्वे असतात, त्यामुळे तळव्याचा निष्कर्ष कमरेखालच्या त्रिकास्थीला किंवा खुब्याला सरसकट लावता येत नाही. वेदना जाणवू लागण्याची पातळी वयानुसार काहीशी वर सरकते, परंतु वेदना सोसण्याची कुवत फारशी बदलत नाही. एखाद्या आजोबांची टाच खरोखरच बधिर असेल, तर वयाला दोष देण्याआधी मधुमेह आणि बी-१२ची कमतरता तपासलेली बरी.

स्त्रियांविषयीचे विधान अर्धसत्य आहे, आणि अशी विधाने अधिक घातक ठरतात. दाबामुळे होणारी वेदना स्त्रियांना सरासरीने लवकर जाणवते आणि पुरुषांची त्वचा सरासरीने जाड असते, इथपर्यंत हरकत नाही. पण जाणवणे वेगळे आणि टिकाव धरणे वेगळे. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चिरडले जाते, तेव्हा इजा अनेकदा हाडालगतच्या स्नायूत सुरू होते आणि वरची कातडी पुढे काही दिवसांनी फाटते. तिथे वरच्या कातडीची जाडी कितीशी कामी येणार? संदेशाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: शय्याव्रणाचा धोका गुणांत मोजणाऱ्या १९८५च्या वॉटरलो मापनात (जितके गुण जास्त, तितका धोका जास्त) पुरुषाला १ आणि स्त्रीला २ गुण दिले जातात. फरक एका गुणाचा. त्याच मापनात ८१ वर्षांपुढील व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, वयाचे ५ गुण मिळतात. हाच धोका मोजणाऱ्या १९८७च्या ब्रेडन मापनात तर लिंगाचा विचारच नाही. तिथे संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण आणि घर्षण यांसारख्या गोष्टी मोजल्या जातात.

‘दुखले की सांगतीलच’ हे वाक्य संदेशातल्या पहिल्याच वाक्याला खोटे पाडते. कातडी बधिर झाली असेल तर सांगणार कसे? निरोगी माणूस झोपेतही अवघडले की कूस बदलतो. पक्षाघात, मज्जारज्जूची इजा किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची हीच सोय हिरावलेली असते. चार तासांचे अंतर काही रुग्णांना चालते, पण ते चांगल्या फोमच्या गादीमुळे, पुरुष असल्यामुळे नव्हे. घरच्या कापसाच्या गादीवर मी दोन तासांचाच आग्रह धरते.

चोळण्याविषयी थोडक्यात सांगते: चोळू नये. आत दुखावलेले मांस त्याने अधिक दुखावते. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही वापरू नये, कारण तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवतो. त्याऐवजी लालीवर बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावरही ती फिकी पडत नसेल तर इजा सुरू झाली आहे असे समजावे आणि त्या जागेवरचा भार लगेच काढावा. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागते का, हे रोज हात लावून पाहावे. टाचेसाठी पोटरीखाली उशी अशी ठेवावी की टाच अधांतरी राहील.